उजव्या मडगार्डचे चार मिलीमीटर

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच दिवसांपासून वाचतोय. खरं सांगायचं तर करमणूक म्हणून. निम्म्या लेखांत मला सुरुवातीलाच चूक सापडायची – अंतर जुळत नाही, वेळ जुळत नाही, माणूस एका दारातून गेला आणि दुसऱ्याच दारातून आला... माझा धंदाच मापाचा. पत्रा एक तर मापाला बसतो, नाही तर बसत नाही. भूत-आत्मा वगैरे मी कधी मानलं नाही आणि हे लिहितानाही मानतोय असं नाही. पण एका मापाचा हिशेब मला लागत नाही, आणि ज्याला विचारायचं तो माणूस आता जमिनीखाली आहे.

माझी शेड सांगलीजवळ कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आहे. गेट, ग्रील, ट्रॉलीच्या बॉड्या, शाळांचे बाक – जे येईल ते करतो. पण मूळ काम डेंटरचं, म्हणजे गाड्यांचा पत्रा घडवायचं. ते आमच्या अब्बांनी मला आणि माझा मोठा भाऊ याकूब याला शिकवलं. घरात आम्ही दखनी बोलतो. घरची बोलणी इथं मी मराठीत लिहितोय.

आधी कामाची पद्धत सांगतो, नाही तर पुढचं कळणार नाही. गोलाई असलेला पत्रा घडवायला दोन माणसं लागतात. एक बाहेरून हातोडा मारतो. दुसरा आतून, बरोबर त्याच जागी, डोली दाबून धरतो. डोली म्हणजे मुठीत मावेल असा गुळगुळीत पोलादी ठोकळा. मध्ये पत्रा असल्यानं दोघांना एकमेकांचा चेहरा दिसत नाही. शेजारी कॉम्प्रेसर चालू असला की बोललेलंही ऐकू येत नाही. म्हणून अब्बांनी खुणा लावल्या होत्या. आतल्यानं डोलीनं पत्र्यावर एक ठोका दिला – इथंच अजून मार. दोन ठोके – पुढं सरक. याकूबभाईनं त्यात स्वतःची भर घातलेली. दोन ठोके झाले की तो डोली पत्र्यावर एकदा गोल घासायचा. खर्रर्र... मला चिडवायला. ‘झालं रे बाबा एकदाचं’ अशा अर्थानं.

मी बाहेरून, तो आतून. लहानपणापासून असंच. तो डावखुरा होता आणि आतून रेटा जरा जास्त द्यायचा. गोलाईचा खांदा, म्हणजे वरचा वळणाचा भाग, फुगायचा. मी तो वरून ठोकून बसवायचो. अब्बा म्हणायचे, “एक फुगवतो, एक बसवतो, म्हणून माझी गाडी सरळ निघते.”

अब्बांची डोली त्यांनी स्वतः ट्रकच्या ॲक्सलच्या तुकड्यातून घडवलेली. ती एकदा फरशीवर पडली आणि तोंडाला नखाएवढी खाच पडली. त्यानंतर ती जिथं जिथं दाबली जाई तिथं पत्र्याच्या आतल्या अंगाला चंद्रकोरीसारखी बारीक खूण उमटायची. बाहेरून काही दिसत नसे. ही खूण लक्षात ठेवा.

अब्बा गेल्यावर आमचं बिनसलं. याकूबभाईला फक्त जुन्या, शौकिनांच्या गाड्या करायच्या होत्या. मी म्हणालो, वर्षाला दोन गाड्या येणार, त्यावर दोन घरं कशी चालतील? तो म्हणाला, “तू गेटंच कर. तुझा हात गेटाचाच हाय.” हे तो चार गिऱ्हाइकांसमोर म्हणाला. नंतर मी मिरजेला बायकोच्या भावाच्या लग्नाला गेलो होतो, त्या दिवशी त्यानं शेडमधनं अब्बांचे सगळे फर्मे आणि ती डोली टेम्पोत घातली आणि इस्लामपूरला स्वतःचं दुकान टाकलं. फर्मे म्हणजे गोलाई तपासायचे पत्र्याचे कापलेले नमुने, जन्मभर जमवलेले. मी परत आलो तर भिंतीवर नुसते खिळे. पुढं त्याचं नाव झालं. पुण्या-मुंबईच्या गाड्या त्याच्याकडं यायला लागल्या. मी गेटं करत राहिलो. आम्ही बोललो नाही. ईदलाही नाही.

मागच्या वर्षी तो गेला. हृदयविकार. मला फोन आला तो दफन उरकल्यावर. पुतण्या म्हणाला, “चाचा, तुमचा नंबर सापडला नाही.” माझा नंबर माझ्या गेटवर मोठ्या अक्षरांत रंगवलाय आणि इस्लामपूरहून कुपवाडला यायला तासाभरापेक्षा जास्त लागत नाही. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – कबरीत प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. त्याला आम्ही मिट्टी देणं म्हणतो. परक्या माणसालाही देतात. रस्त्यानं जाणारा थांबून देतो. मला सख्ख्या भावाला देता आली नाही. मी गेलो तेव्हा माती बसूनही गेली होती, वर पाणी मारलेलं. मी उभा राहिलो आणि परत आलो. कुणाशी भांडलो नाही. पण ते माझ्या मनातनं आजही गेलेलं नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे पुढं कुणी मला मोठ्या मनाचा समजणार नाही.

या वर्षी, पावसाळा संपता संपता, वाईचे एक डॉक्टर शेडवर आले. वडिलांच्या वेळची मोटार होती त्यांची – कंपनीचं नाव लिहीत नाही, या गाड्यांचे शौकीन लगेच मालक शोधून काढतील. मोठी गोल मडगार्डं, त्यात बसवलेले हेडलाइट. काम याकूबभाईकडं होतं. डावं मडगार्ड करून झालं आणि तो गेला. गाडी तशीच अडकून पडलेली.

“तुम्ही त्यांचे भाऊ ना? मग त्यांच्यासारखंच करून द्या,” डॉक्टर म्हणाले.

मी म्हणालो, “डॉक्टरसाहेब, आधी मला मापं घेऊ द्या.”

गाडी टेम्पोनं आली. सोबत मूळचं उजवं मडगार्ड – खालून गंजून गेलेलं, पण हेडलाइटजवळचा वरचा भाग कंपनीतून निघाला तसाच शाबूत. त्या भागावरून मी फर्मा कापला. मग तो उलटा करून भावानं केलेल्या डाव्या मडगार्डवर धरला. फर्मा खांद्यावर टेकला आणि दोन्ही टोकांना फट राहिली. व्हर्नियर लावलं. खांदा चार मिलीमीटर फुगीर! जन्मभर जी चूक मी वरून ठोकून बसवत आलो, तीच. बसवायला मी नव्हतो, त्यामुळे तशीच राहिलेली. आतून हात फिरवला, बॅटरी मारली. चंद्रकोरी... ओळीनं.

मला आनंद झाला. खोटं कशाला बोलू? मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. “डावं मडगार्ड चुकलंय. मी उजवं बरोबर मापात करतो. दोन्ही लावून बघा, तुम्हीच ठरवा.”

डॉक्टर थोडे घुटमळले. मग म्हणाले, “ठीक आहे. तुमचं म्हणणं खरं निघालं तर डावंही काढून टाका. तेही तुम्हीच करा.”

म्हणजे गाडीवर भावाचं काही राहणार नव्हतं. मला तेवढंच हवं होतं.

माझ्याकडं बाबू आहे. वयानं माझ्याएवढाच, वेल्डर, बुधगावकडून मोटारसायकलवर येतो. तोंडानं फटकळ. डोली धरायला मी त्यालाच बसवला. त्याला आमच्या खुणा ठाऊक नाहीत, मी कधी सांगितल्याही नाहीत. तो तोंडानंच ओरडतो – “हां मालक, फुडं!” त्याच्याकडची डोली बाजारातून आणलेली, नवी, आरशासारखी.

काम चांगलं चाललं. खालचा भाग झाला, मधला झाला. दर टप्प्याला फर्मा लावून बघायचो. फट नाही. बाबू म्हणाला, “मालक, गेटं सोडून लय दिवसांनी माणसागत काम करताय.”

“तू डोली धर, तोंड धरू नको,” मी म्हणालो.

शेवटी राहिला तो खांदा. त्या दिवशी वसाहतीतल्या शेडना सुट्टी होती. आजूबाजूला कॉम्प्रेसर नाही, प्रेस नाही. दुपारचं लख्ख ऊन शटरमधून आत आलेलं. मडगार्ड छातीच्या उंचीला घोडीवर बांधलेलं होतं. घोडी म्हणजे काम धरून ठेवायचा लोखंडी सांगाडा. तिच्या पलीकडं बाबू खाली पोत्यावर बसलेला, आणि खालून वारा येऊन गॅसची ज्योत हलू नये म्हणून मी ताडपत्री बांधलेली. त्यामुळे पलीकडचं मला काही दिसत नव्हतं. दिसायची गरजही नव्हती. अशा वेळी नजर हातोडा पडतो तिथंच असते.

खांद्याला आकार आधीच देऊन झाला होता आणि फर्म्यानं बरोबर माप दाखवलं होतं. आता फक्त वरून गुळगुळीत करायचं, हलक्या हातानं. मी मारत गेलो. आतून डोली बरोबर हातोड्याखाली येत होती. इतकी बरोबर की मला वाटलं, बाबूला शेवटी जमलं. बाबूच्या डोलीचा आवाज बारीक येतो. हा भरीव येत होता. मला छान वाटत होतं, एवढंच मला त्यातलं आठवतंय. हात आपोआप चालला होता. थांबायचा, पुन्हा मारायचा, सरकायचा. बऱ्याच वर्षांत तसा चालला नव्हता.

मी मारत असतानाच समोरच्या शटरमधून बाबू आत आला. एका हातात चहाची किटली, दुसऱ्या हातात दोन ग्लास.

“च्या आनलाय मालक,” तो म्हणाला. आणि मग, “आत कोन हाय?”

माझा हातोडा पत्र्यावर पडला. आतून डोलीनं तो घेतला. हे मला नक्की माहीत आहे. आतून आधार नसेल तर पत्रा झांजेसारखा वाजतो आणि हातोडा उसळतो. तो उसळला नाही.

मी हात थांबवला.

आतून दोन ठोके आले. ठक्, ठक्. आणि मग पत्र्यावर काही तरी एकदा गोल घासलं. खर्रर्र...

बाबूनं किटली खाली ठेवली. “कुनाला बसवलंय तुमी? मी मगाशीच सांगून गेलो न्हवं, च्या आनतो म्हनून? तुमी व्हय म्हनलासा!”

मला आठवत नाही मी ‘व्हय’ म्हणालो ते. बाबू घोडीला वळसा घालून गेला, ताडपत्री उचलली. मीही वाकून बघितलं. पोतं होतं. पोत्यावर बाजारातली डोली होती, बाबू ठेवून गेला तशी, त्याच्या हात पुसायच्या फडक्यावर. मागं सलग भिंत. बाहेर पडायचं तर माझ्याच समोरून पडावं लागतं.

“पोरं असत्याल कुनाची तरी,” बाबू म्हणाला. पण म्हणताना माझ्याकडं बघत नव्हता. थोड्या वेळानं म्हणाला, “मालक, मी पन ऐकलं हां ते. नुसतं तुमीच न्हाई.”

चहा कुणी प्यायला नाही. मी फर्मा घेतला आणि खांद्यावर धरला. टेकला. दोन्ही टोकांना फट. व्हर्नियर लावलं, पुसून पुन्हा लावलं, मग बाबूकडं दिलं. चार मिलीमीटर. डाव्याएवढेच. वरून हलका हात मारून पत्रा वर येत नाही. आतून कुणी रेटा दिला तरच येतो.

मग बॅटरी घेऊन आत बघितलं. खालच्या आणि मधल्या भागात आतून पत्रा साफ होता, बाबूच्या डोलीसारखाच. खांद्याला चंद्रकोरी होत्या. ओळीनं.

मी मापाचा माणूस. माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो एवढाच, की ती डोली कुणाकडं तरी आहे आणि कुणी तरी माझी चेष्टा करतंय. पुतण्या असेल. मी शेड बंद केली, गाडी काढली आणि तडक इस्लामपूरला गेलो.

भाभी घरात एकटीच होती. मला बघून तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “ये सलीम. बस.”

“अब्बांची डोली कुठं आहे?” मी उभ्या उभ्याच विचारलं.

“दुकान मोकळं केलं ना पोरानं. उन्हाळ्यातच. मोबाइलचं दुकान काढलंय तिथं.”

“डोली कुठं आहे, भाभी?”

“सगळं भंगारात गेलं. हातोडे, फर्मे, तेही. त्याला काय कळतंय त्यातलं? किलोवर घातलं.”

किलोवर. मी खाली बसलो. अब्बांचे फर्मे गेले होते, ती डोली वितळून एव्हाना कुणाच्या तरी स्लॅबची सळई झाली असेल. मला सांगायला हवं होतं, मी वजनानं का होईना घेतलं असतं. पण तिथं कोण कुणाला काय कळवतं? तेच माझ्या तोंडून निघालं. “नंबर माझ्या गेटवर रंगवलाय, भाभी. मिट्टी द्यायलासुद्धा बोलावलं नाही मला.”

तिनं पाण्याचा तांब्या माझ्यापुढं ठेवला. मग म्हणाली, “नंबर होता आमच्याकडं. पोरगा खोटं बोलला तुझ्याशी. मीच सांगितलं होतं त्याला तसं बोलायला. यांनीच म्हणून ठेवलेलं... मला काय झालं तर कुपवाडला कळवू नका.”

“का?”

“मीपण विचारलं, का. तर म्हणाले, तो आला की भांडायला उठावं लागेल मला. निवांत पडू द्या.” ती जरा हसली. मग हसू गेलं. “असं हसतच म्हणाले बघ. पण म्हणाले. मग मी काय करणार होते, सांग?”

पाणी प्यायलो आणि निघालो. वाटेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं मागं गाडी चालवत एकच गोष्ट डोक्यात घोळत होती. कबरीवर मी नको. पत्र्यावर मात्र हवा! हा कुठला न्याय? मिट्टी द्यायला माझा हात चालत नाही, आणि माझं काम बिघडवायला तो इस्लामपूरहून कुपवाडला येतो – वेगळा झाल्यावर जिवंतपणी एकदाही आला नाही तो!

दुसऱ्या दिवशी मी खांदा पुन्हा बसवायचा ठरवलं. चार मिलीमीटर म्हणजे काही मोठं काम नाही, जन्मभर तेच केलंय. बाबूला म्हणालो, डोली धर. तो पोत्यावर बसायला तयार होईना. “हितं नगं मालक. भाईर उजेडात घिऊ.” घोडी शटरच्या बाहेर ओढली, उन्हात. बाबूनं डोली धरली. मी हातोडा उचलला.

खाली आणला नाही. मला दया आली असं नाही, माफ केलं असंही नाही. मी तिथं उभा राहून वाट बघत होतो – आतून एक ठोका येतोय का, ‘इथंच अजून मार’. तो आला असता तर मी मारलं असतं. बाबू आतून म्हणाला, “मारा की!” त्याच्या म्हणण्यावर मला मारता येईना. शेवटचे आले होते ते दोन ठोके होते. पुढं सरक.

“राहू दे,” मी म्हणालो. “लेप लावू.”

मडगार्डच्या आतल्या अंगाला गंज धरू नये म्हणून डांबरासारखा काळा लेप लावतात. एकदा लावला की आतलं काही दिसत नाही. बाबूनं ब्रश पुढं केला. मी घेतला नाही. डब्यात हात घातला आणि हातानंच लावला. खांद्याखालच्या चंद्रकोरी झाकायला तीन मुठी लागल्या. मी आकडे लक्षात ठेवतो, म्हणून हाही लिहिला. बाबूनं घासलेट आणि चिंध्या आणून ठेवल्या.

डॉक्टर आले तेव्हा दोन्ही मडगार्डं गाडीवर बसवलेली होती. ते गाडीच्या समोर उकिडवे बसून बराच वेळ बघत राहिले.

मी म्हणालो, “साहेब, दोन्ही चुकलीत. मूळ मापापेक्षा चार चार मिलीमीटर फुगीर आहेत. फर्मा लावून दाखवतो.”

“दोन्ही सारखीच आहेत ना?”

“सारखीच आहेत. सारखीच चुकलीत.”

डॉक्टर हसले. “मग चूक कुठं राहिली? मला तर वडिलांची गाडी अशीच आठवते.” त्यांनी उजव्या खांद्यावरून तळवा फिरवला, मग डाव्या. आणि म्हणाले, “हात ओळखू येतो बघा. याकूबभाईंचाच हात. डावं काढायचं ठरलं होतं आपलं, त्याची काही गरज नाही.”

बाबूनं माझ्याकडं बघितलं. मी फर्मा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला.

गाडी वाईला गेली. ती मिरवणुकीत किंवा प्रदर्शनात उभी राहते तेव्हा लोक मडगार्डाचे फोटो काढतात. डॉक्टर ते मला पाठवतात आणि खाली भावाचं नाव लिहितात. मी त्यांना दुरुस्त करत नाही. कारण दुरुस्त करून लिहायचं तर काय लिहायचं, हेच मला ठरवता आलेलं नाही. ते काम बाहेरून माझं आहे. आतून कुणाचं आहे, मला माहीत नाही.

बाबू म्हणतो, त्या दुपारी सुट्टी असूनही शेजारची कुठली तरी शेड चालू असेल, तिचा आवाज. पण त्या पोत्यावर तो आजही बसत नाही. माझी बायको म्हणते, तुम्हीच नकळत मारलं असेल तसं, हाताला सवय होती. असेल. पण चंद्रकोरी सवयीनं उमटत नाहीत, आणि ज्या डोलीनं उमटतात ती वितळून गेली आहे. मी हे सगळं उभं-आडवं मांडून बघितलं. कुठंच बसत नाही. इथं कुणी पत्र्याचं काम करणारं असेल, तर एकच सांगा – आतून आधार नसताना हातोडा उसळला का नाही?

भावाची कबर मी पुन्हा बघायला गेलेलो नाही. त्यानं बोलावलेलं नाही.